जाळीवरचा पट्टा

"नाल्याच्या जाळीवरच्या पट्ट्याला बोल्ट कुणी मारले, दौलतराव?" कुसुमताईंनी साचलेल्या पाण्यात उभं राहून विचारलं.

"म्या मारले. जाळी माझ्या दारात हाय, वास माझ्या घरात येतो. तुमाला काय जातंय?"

"अहो, पाऊस लागायच्या आधी पट्टा काढायचा, दिवाळीला परत टाकायचा, असं ठरलं होतं ना?"

"तुमीच ठरवता, तुमीच काढता. आमाला इचारता व्हय?"

"विचारत बसले असते तर तुमचा फ्रिज कधीच पवना नदीत गेला असता!"

चाळीच्या ओट्यावरून कुणीतरी हसलं. पण खाली पाण्यात दुसरं कुणी उतरलं नाही.

कुसुमताई मूळच्या परळीकडच्या. नवऱ्यामागे पिंपरीला आल्या आणि कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून खांदे घालवून बसल्या. चाळीजवळचा नाला शेवटचा कधी साफ झाला, हे कुणालाच आठवत नव्हतं. वासाला आणि डासांना कंटाळून दौलतरावांनी कंपनीच्या भंगारातला रबरी पट्टा आणून जाळीवर अंथरला. सगळ्यांना बरं वाटलं, पण पावसाचं पाणी अडू लागलं. पावसाआधी पट्टा ओढून काढायचं आणि पाऊस वाढला की लांब आकडीनं जाळीतला कचरा उपसायचं काम मात्र कुसुमताईंकडे आलं. कसं आलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "ताई, पाणी चढलं!" अशी हाक आली की त्या तव्यावरची पोळी तशीच टाकून उठायच्या.

मुलगा सुजित चऱ्होलीत चौथ्या मजल्यावर राहायचा. आईला चल म्हणायचा. "एवढा पावसाळा जाऊ दे," दर वेळी त्यांचं हेच.

आज तो त्यांची बॅग डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता. मागे घरात त्यांची गादी तरंगत होती.

"तू उपसतेस ना, म्हणून महापालिकेत तक्रार करायला कुणी जात नाही, आई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

दौलतरावांनी ओट्यावरूनच पाना पुढे केला. सूर एकदम मऊ. "ताई, बोल्ट पाण्याखाली गेलेत. जरा बघता का? तुमचा हात बसलाय."

कुसुमताईंनी पाना घेतला नाही. त्यांनी आपल्या दारातल्या खुंटीवरची आकडी काढली, दौलतरावांच्या दुसऱ्या हातात दिली आणि साडीचा ओचा खोचला.

"ताई, अवो, मग उपसणार कोण?"

सुजितच्या खांद्याला धरून त्या रस्त्याकडे चालू लागल्या.