चौदा नंबरची काच

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या मामाकडे तर तो कायमचा मुक्कामाला होता. घराबाहेर पडताना मामा गॅसचं बटण तीनदा बघायचा, लिफ्टमध्ये शिरायचा नाही, जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायचा. आणि अशा माणसानं तीस वर्षं नोकरी कसली केली, तर पडायला आलेल्या इमारतींच्या भेगा बघण्याची. आई म्हणायची, "ह्याला नोकरीवर घेणाऱ्याचं डोकं तपासायला हवं." माझं मत उलटं आहे. ते काम भित्र्यानंच करावं.

काम सांगायला सोपं. भेगेवर काचेची बोटभर पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करायची आणि प्लास्टर ओलं आहे तोवर त्यावर खिळ्यानं तारीख कोरायची. भिंत हलली की काच तडकते. तुटलेली काच काढायची नाही, तिच्या शेजारी नवी लावायची. भिंतीचा स्वभाव कळतो तो तुटक्या काचांवरूनच.

चाळीस वर्षं बंद पडलेल्या तारघरात मामाच्या बावीस काचा होत्या. बाहेरून ती इमारत म्हणजे नुसती कबुतरांची घाण. आत मात्र मोठं गोल दालन, वर घुमट, घुमटभर निळा रंग आणि त्यावर शेकडो पांढरे पक्षी, सगळे एकाच दिशेनं निघालेले. सकाळी दहाच्या सुमारास वरच्या गोल खिडक्यांतून ऊन आत आलं की धुळीखालचे पक्षी एकेक करून उजळायचे. मामा मान दुखेपर्यंत बघत राहायचा. त्या घुमटावर त्याचा जीव जडला होता.

मी जुनी चित्रं साफ करते. ती इमारत पाडायची नाही असं जुन्या इमारतींच्या समितीनं ठरवलं आणि घुमटाचं काम मला मिळालं. मला वाटलं, मामा पेढे वाटेल. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

मी चाळीस फूट उंच परांचीवर बसून कापसाच्या बोळ्यानं एकेक पंख पुसत असायची आणि हा उत्तरेच्या कमानीखाली उभा. "खाली ये गं, जेवून घे."

"मामा, साडेदहा वाजलेत."

"मग चहा घे."

मी हसायची. नवव्या दिवशी परांची हलायला लागली. खाली बघते तर मामा वर चढत होता. डोळे मिटलेले, ओठ पांढरेफटक.

"चौदा नंबर खोटा आहे," तो वर पोचून म्हणाला.

"खोटा म्हणजे?"

"गेल्या वर्षी ती काच तुटली होती. समितीनं बजावलं होतं, आणखी एक तुटली की इमारत पाडायची. मी तुटकी काढली, नवी लावली, तारीख जुनी कोरली."

"आणि आता?"

"रोज तू यायच्या आधी बघत होतो, शाबूत होती. आत्ता बघितली. तीही गेली. चल, हळू उतर. बोलू नकोस."

चौदा नंबर आमच्या बरोबर खाली, कमानीच्या माथ्यावर होता. आम्ही जीव मुठीत धरून उतरलो. प्रत्येक पायरीला लाकूड करकरायचं आणि मला वाटायचं, कमानच बोलतेय. रस्त्यावर आल्यावर मी त्याच्यावर भडकले. "नऊ दिवस मला तिथं बसू दिलंस?" तो फूटपाथवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मला त्याची दया आली नाही. खरं तेच सांगते.

कामावरच्या इंजिनीयरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तेव्हाच सांगायचंत! चार टेकू लावून भागलं असतं. समितीला मी समजावलं असतं." आता अकरा लोखंडी टेकू लागले आणि ते लावेपर्यंत घुमटाची एक कड कोसळली. तीस-एक पक्षी ढिगाऱ्यात गेले. मामाची नोकरी गेली. समिती आता कुणाचंच ऐकेना: ही शेवटची संधी, यापुढे एक जरी काच तुटली तरी इमारत जमीनदोस्त.

मामाच्या जागी आलेला माणूस धीट आहे. शिट्टी वाजवत येतो, खालूनच नजर टाकतो, पाच मिनिटांत दारातल्या नोंदवहीत बावीस वेळा 'शाबूत' लिहून मोकळा. मामाला दोन तास लागायचे. त्या शिट्टीनंच माझी पाचावर धारण बसली. आता वर जायच्या आधी मीच शिडी लावून काचा बघते आणि मामा घरून फोनवर विचारतो. आमचं बोलणं तेवढंच उरलंय.

काल सकाळी दारं नुकतीच उघडली होती.

"सात?"

"शाबूत."

"आठ?"

"शाबूत."

"नऊ?"

नवव्या काचेवर केसाएवढी रेघ होती. मी बोट फिरवलं, नखाला लागली. माझ्या पिशवीत नवी काच होती, प्लास्टर होतं, हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. वर ऊन नुकतंच घुमटाला लागत होतं. पाच महिने मी तिथं एकेक पंख जिवंत केला होता. मी बोललेच नाही.

मामाला ते गप्प राहणं ओळखीचं असावं.

"आधी बाहेर पड," तो म्हणाला. "पिशवीला हात लावू नकोस. रस्त्यावर जा आणि मग लिही. पण लिही गं."

मी दारातली नोंदवही उचलून रस्त्यावर आले आणि ती गुडघ्यावर धरली. 'नऊ, तुटली' एवढं लिहायला दोन पानं फाडावी लागली.