आधी शब्द, मग वर्गणी

फुकट काम करणारी चार माणसं एकत्र आली की किस्से होणारच, त्याला इलाज नाही. पगारी माणसाला साहेब असतो, तो गप्प बसवतो. फुकटच्याला कोण बोलणार? तो मनाला येईल ते करतो, आणि वर आपल्याकडेच चहा मागतो! आमचं मंडळ तसलंच. त्यामुळे अजूनही कुणाच्या लग्नात आम्ही जुने दोघं-तिघं भेटलो की "ते आठवतं का गं?" सुरू होतं आणि ताटातलं गार होतं.

मंडळ म्हणजे काय, ते आधी सांगते. नव्वदीच्या सुरुवातीला नानांनी नाशकात एक कलापुरस्कार सुरू केला. नाना म्हणजे शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. जिल्ह्यातल्या एका कलावंताला दरवर्षी शाल, नारळ आणि बऱ्यापैकी रक्कम द्यायची. गाणारा असो, वाजवणारा असो, रंगवणारा असो. पैसे कुठून? तर चॅरिटी शोमधून. आधी शो, आणि त्याच स्टेजवर शेवटी पुरस्कार. मी तेव्हा सातपूरला एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे आणि इथे तिकिटं. शिरीष माझ्याच कंपनीतला. तो माइक, जनरेटर आणि नानांच्या शिव्या सांभाळायचा.

नानांचे नियम दोन. पहिला, ज्याला यंदा पुरस्कार मिळाला, त्याने पुढच्या वर्षीच्या शोमध्ये फुकट कला दाखवायची, म्हणजे त्याच्या जोरावर पुढच्याला पुरस्कार. दुसरा नियम मात्र डोक्याला ताप! नाना आधी कलावंताच्या घरी जाऊन शब्द देऊन यायचे, आणि मग आम्ही पैसे गोळा करायला निघायचो. मी पहिल्याच वर्षी भांडले. "अहो नाना, सगळं जग आधी पैसे जमवतं!"

नाना म्हणाले, "शैला, आधी पैसे जमवले की माणूस बसतो. आधी शब्द दिला की पळतो!"

म्हणजे दरवर्षी जिल्ह्यात कुठेतरी एक म्हातारा किंवा म्हातारी नवे कपडे शिवून आमची वाट बघत बसलेली, आणि आमच्याकडे दमडी नाही. "ज्या वर्षी शब्द मोडेल त्या वर्षी पुरस्कार बंद," असं नानांनी जाहीर सांगून ठेवलेलं. ते बोलल्याप्रमाणे करणारे होते, म्हणून आम्हाला जास्त भीती वाटायची.

*

एकदा सातपूरच्या एका कारखानदाराकडे स्मरणिकेची जाहिरात मागायला गेलो. साहेबांनी तासभर बाहेर बसवलं. मग आत बोलावून, खुर्चीत रेलून नानांना विचारलं, "मास्तर, हे पुरस्कार देऊन तुम्हाला स्वतःला नेमकं काय मिळतं?"

मला वाटलं, आता नाना कलेची सेवा वगैरे ऐकवणार.

नाना म्हणाले, "ॲसिडिटी!"

साहेब इतके हसले, इतके हसले, की बाहेरून शिपाई धावत आला. आम्हाला पूर्ण पान जाहिरात मिळाली. शिवाय निघताना साहेबांनी ड्रॉवरमधून स्वतःच्या गोळ्या काढून नानांना दिल्या.

*

किसनबापू म्हणजे जुने ढोलकीवाले. आयुष्य तमाशाच्या फडात गेलेलं, हात थरथरायचे. पाण्याचा ग्लास उचलला तरी निम्मं पाणी सदऱ्यावर. आदल्या वर्षी त्यांना पुरस्कार दिलेला, तेव्हा नियमाप्रमाणे यंदा त्यांची पाळी. शिरीष माझ्या कानात म्हणाला, "ताई, आज वाट लागणार आहे आपली."

बापूंनी ढोलकी मांडीवर घेतली, आणि लाइट गेली! दुपारचा शो, पण हॉल सगळीकडून बंद. आत मिट्ट काळोख, पंखे थांबलेले. शिरीष जनरेटरकडे धावला.

इतक्यात काळोखात ढोलकी सुरू झाली.

काय वाजवलं हो त्या माणसाने! थरथरणारे हात कुठे गेले कोण जाणे. मी तिकिटांची पेटी छातीशी धरून दारात उभी होते, ती तशीच उभी राहिले. शेकडो माणसं घामाने निथळत होती, पण कुणी कागदाने वारासुद्धा घेत नव्हतं.

तिकडे शिरीषने जनरेटरची दोरी हातात घेतली, तर मागून नाना! "ओढशील तर बघ!"

"अहो पण भाडं दिलंय ह्याचं!"

"भाडं दिलंय ना? मग गप्प बसायचं भाडं समज!"

पुढे मध्येच लाइट आली. ट्यूबलाइट फडफडल्या, पंखे फिरले, माइक कुंईऽऽ करून ओरडला. आणि अख्खा हॉल एका आवाजात ओरडला, "बंद कराऽऽ!" लाइट आली म्हणून पब्लिकने बोंब मारलेली मी नाशकात तेवढी एकदाच ऐकली. शिरीषने मुकाट्याने मेन स्विच पाडला.

*

इंदूबाईंचं शेत मखमलाबादकडे. झेंडू, शेवंती, वर भाजीपाला. पहाटे फुलं बाजारात पोचवायची आणि मग रांगोळी, कुणाच्याही दारात, हौसेने. त्यांना पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी त्यांची पाळी आली. नाना म्हणाले, "स्टेजवर रांगोळी कोण बघणार? बाई, तुम्ही हॉलच्या दारात काढा."

हे सांगून नाना गेले पाहुण्यांना आणायला, मी गेले तिकिटांच्या मागे. आमची सगळ्यांची अक्कल त्या दिवशी सुट्टीवर होती. कारण इंदूबाईंनी दारात म्हणजे अगदी दारात, ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत आणि पायऱ्यांच्या खालपर्यंत रांगोळी घातली! मधोमध मोर. त्याच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा असा, की वाटावं आत्ता पापणी लवेल.

लोक आले आणि थांबले. हातात तिकीट, समोर उघडं दार, आणि आत जायला कुणी तयार नाही! मागून ढकलाढकली झाली की पुढचे ओरडायचे, "अरे पाय पडेल, पाय पडेल!" प्रमुख पाहुणे होते मोठे सरकारी अधिकारी. तेही बूट हातात घेऊन उभे. मी म्हटलं, "साहेब, कडेकडेने या ना."

ते म्हणाले, "बाई, ह्याच्यावर पाय ठेवून मी जाऊ कुठे?"

शेवटी सगळी पब्लिक मागच्या दाराने ग्रीनरूममधून स्टेजवर, आणि स्टेजवरून खाली खुर्च्यांत! गाणाऱ्या बाई तंबोरा जुळवत बसल्या होत्या. त्या प्रत्येकाला नमस्कार करत राहिल्या, त्यांना वाटलं नाशकात अशीच पद्धत असेल.

शो संपला. लोक पुन्हा रांगोळी बघायला बाहेर धावले, तर इंदूबाईंनी केरसुणी घेऊन मोर अर्धा झाडलेला. बायका कळवळल्या. "अहो, फोटो तरी काढू द्यायचा!"

इंदूबाई केर भरता भरता म्हणाल्या, "पाहिला ना तुम्ही? मंग झालं की."

*

मग चित्रांचा लिलाव करायची टूम निघाली. एक तरुण चित्रकार होता, मॉडर्न आर्टवाला. त्याने मोठं लालभडक चित्र दिलं. चित्रात काय आहे ते नानांनाही कळलं नव्हतं, आणि नाना ड्रॉइंग मास्तर! लिलाव पुकारायला शिरीषने नामपूरहून कोणाला आणावं? त्याच्या मावसभावाला, दगाभाऊंना. दगाभाऊ रोज कांदा मार्केटमध्ये लिलाव पुकारायचे.

दगाभाऊंनी आल्या आल्या चित्र उचलून वजन अंदाजलं. उजेडाकडे तिरपं धरलं. मग कोपऱ्यात नखाने खरवडून पाहिलं! चित्रकार खुर्चीतून उडाला.

"रंग पक्का शे!" दगाभाऊ माइकवर गरजले. "माल एक नंबर शे! पत्ती सुटाव नही! बोला!" पत्ती म्हणजे कांद्याचं वरचं साल!

आणि मग जो धडाका लावला! श्वास घ्यायला कुणाला फुरसत नाही. इकडे बोट, तिकडे मान, मागच्या रांगेत कुणीतरी डोकं खाजवलं तर तीही बोली धरली. मुंबईच्या गॅलरीत त्या पोराला मिळाला नव्हता इतका भाव पाच मिनिटांत! हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या वर्षीचा पुरस्कार आरामात निघाला.

चित्रकार रागाने लाल झालेला. तरातरा दगाभाऊंकडे गेला. मला वाटलं, आता होणार मारामारी. तर हा हात जोडून विचारतो, "काका, डिसेंबरात माझं प्रदर्शन आहे, मोकळे आहात का?"

*

आता शेवटचा सांगते.

आमची मोठी देणगी एका कंपनीकडून यायची. फ्लेक्सचं युग आलं त्या सुमारास ती कंपनीच बंद पडली. आणि नाना शब्द देऊन बसलेले! कुणाला? वसंतरावांना. नाशकातल्या थिएटरांवर सिनेमाची भलीमोठी पोस्टरं हाताने रंगवणारे वसंतराव. हिरोचं नुसतं नाक माणसाएवढं काढायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश कायमचा वाळला. कामच नाही. पुरस्काराचं कळल्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटलेले. शोच्या दिवशी नवा पांढरा शर्ट घालून ते तिसऱ्या रांगेत बसले होते. आणि आमच्याकडे निम्मी रक्कमसुद्धा नव्हती. नाना आत हात चोळत फिरत होते. "मी त्या माणसाला काय तोंड दाखवू गं?" मला त्यांच्याकडे बघवेना.

आशा एकच, लिलाव. त्या वर्षी पाळी लहानूबाबांची. सुरगाण्याकडच्या डोंगरात बोहाडा होतो, गावची माणसं लाकडी मुखवटे चढवून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. ते मुखवटे कोरणारे लहानूबाबा. त्यांनी वाघाचा मुखवटा आणला होता. सोबत सांबळ आणि पिपाणी वाजवणारे दोघे. मुखवटा स्टेजवर ठेवला आणि पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या मागे लपली.

शिरीषने बोली पुकारली. चढत चढत ती दिंडोरीच्या माधवरावांवर थांबली. मोठे द्राक्ष बागायतदार, अंगाने जाडजूड, अबोल. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावायला त्यांच्या मिसेसना वाघ हवा होता. तेवढ्या बोलीत पुरस्काराची रक्कम पुरी होत होती! नानांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

माधवराव मुखवटा घ्यायला स्टेजवर आले. लहानूबाबा उठले, पण मुखवटा काही त्यांच्या हातात देईनात. एक फडकं काढून माधवरावांच्या डोक्याला गुंडाळायला लागले.

"बाबा, हे काय?" शिरीष म्हणाला.

"लाकूड लागंल डोक्याला. बोली ह्याची ना? मंग सोंग ह्याचं. आमच्यात ज्याची बोली त्यो नाचतो."

शिरीष घाबरला. "अहो, इथे तसं नसतं. ते घरी घेऊन जाणार मुखवटा."

लहानूबाबांना खरोखर नवल वाटलं. "घरी नेऊन काय करील?"

एवढा मोठा माणूस, भर सभेत! आता हे रागावून निघून जाणार, बोली बुडाली, शब्द मोडला. तिसऱ्या रांगेत वसंतराव मान खाली घालून बसले होते. त्यांना सगळं समजलं होतं.

माधवरावांनी मिसेसकडे पाहिलं. मग लहानूबाबांकडे वळून म्हणाले, "बांधा."

सांबळ वाजलं. माधवराव आधी नुसते उभे. मग एक पाय उचलला. मग दुसरा. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण तिथे माधवराव उरलेच नाहीत! वाघ होता. तो वळला की त्या बाजूच्या खुर्च्या मागे सरकायच्या. त्यांच्या मिसेस केव्हाच उभ्या राहिल्या होत्या, तोंडावर हात. माझ्या शेजारी नाना रडत होते आणि मीही रडत होते, का ते विचारू नका.

सांबळ थांबलं. बाबांनी मुखवटा काढला तेव्हा माधवराव घामाने न्हालेले, धापा टाकत होते. त्यांनी खिशातून पैसे काढून नानांच्या हातात ठेवले आणि मुखवट्याला हातही न लावता जाऊन बसले.

नानांनी जराही वेळ घालवला नाही. लगेच वसंतरावांना वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, पाकीट दिलं. टाळ्या थांबेनात. वसंतराव माइकपाशी आले. आम्हाला वाटलं आता आभार मानतील. ते टेबलावरच्या वाघाकडेच बघत होते.

"नाना," ते म्हणाले, "हे पाकीट आता माझं ना?"

"अहो, तुमचंच!"

"नक्की?"

"नक्की, वसंतराव."

"मग माझी बोली लावा. सगळं पाकीट."

शिरीषच्या हातातला माइक खाली आला.

लहानूबाबांनी ओलं फडकं झटकलं आणि म्हणाले, "ये."