फिलूचं आमेन

फिलोमिना गेली, हे तिच्या लेकानं, अनिलनं, फोनवर सांगितलं. "मावशी, आई गेली… चर्चला या. तुमच्यासाठी पुढं खुर्ची ठेवलीय." तिथंच मला कळायला हवं होतं. घरच्या माणसासाठी कुणी खुर्ची ठेवत नाही.

मुरुमला आमची दारं समोरासमोर. ती कॅथलिक, मी बेंबळीकडच्या अँग्लिकन पाळकाची लेक. लग्न होऊन आले तेव्हा मी लई ताठ. क्रूसाची खूण करणारी बाई दिसली की नाक मुरडायची, जसं काही स्वर्गाचं कुलूप माझ्याच माहेरी बनलं होतं. भाकरी मात्र रोज करपायची, आणि मग फिलूच्या चुलीवरची यायची. एकदा माझा थोरला तापानं फणफणला, तेव्हा ती येऊन त्याच्या उशाशी गुडघ्यावर बसली. दोघींनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. कॅथलिकांची जिथं संपते, तिथं आमची अजून एक ओळ असते, देवाच्या राज्याची न् गौरवाची. ती मी मुद्दाम खणखणीत म्हटली. पोरगं तापात आणि त्याची आई शर्यतीत. फिलूनं माझी ओळ पुरती होऊ दिली, मग हळूच "आमेन" म्हणाली. वर डोळा मिचकावून, "झालं का बाई तुमचं शेपूट?"

पुढं रोज दिवेलागणीला तिच्या ओट्यावर आमची प्रार्थना. माझ्या शेपटासाठी ती आपलं आमेन रोखून धरायची… उभा जन्म. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाली, "रूथे, माझ्या मातीला शेपूट तूच म्हण. अनिलला सांगून ठेवलंय."

अनिलनं फादरना विचारलंही. फादर फार अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचा आदर आहे, पण विधीत भर घालता येत नाही." मी शेजारच्या खुर्चीतल्या आमच्या पाळकांकडं बघितलं. ते खाली बघत पुटपुटले, "रीत असते, रूथबाई." दरसाली हे दोघं एकोप्याची सभा घेतात, एकमेकांना शाली घालतात, आशीर्वाद कुणी द्यायचा यावर आठवडाभर निरोप हिंडतात. त्यांचं खरं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

कबरीपाशी प्रार्थना झाली, सगळ्यांचं आमेन एकदम पडलं, आणि त्यावर माती. मी ओळ तोंडात धरून, पदर सावरून, शहाण्यासारखी उभी. तरुणपणीच्या माझ्यातल्या त्या उद्धट पोरीला आयुष्यभर हसले मी. त्या दिवशी ती हवी होती. ती ओरडली असती.

ओट्यावर फिलूचा पाट अजून आहे. अनिल उचलत नाही, मीही बसत नाही त्यावर. दिवेलागणीला शेजारी टेकते, प्रार्थना म्हणते, माझी ओळ म्हणते… आणि थांबते. आमेन तिचं होतं. ते मी म्हणत नाही.