रॅकमधली मोकळी जागा

भुताखेतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर मी आजवर फक्त टिंगल करायला यायचो, हे जुन्या मेंबरांना ठाऊक आहे. पाम बीच रोडवर पांढऱ्या साडीतल्या बाईने लिफ्ट मागितल्याचा अनुभव कुणीतरी लिहिला होता, त्याखाली ‘आधी ओटीपी घेतलास ना?’ ही कमेंट माझीच. तेव्हा आता तुम्ही सगळे मिळून माझ्यावर तुटून पडलात तरी माझी तक्रार नाही. पण हे कुठेतरी लिहायलाच हवं. घरात बोललो तर आई हसते आणि ताई रडते. दोन्ही बघवत नाही.

आमचं घर बौद्ध, मूळ महाडकडचं. नवस, अंगारे, अंगात येणं या सगळ्याला घरात बंदी. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर. लहानपणी एकदा गॅलरीत भूत दिसलं म्हणून मी भोकाड पसरलं, तर तिने हातात टॉर्च दिली आणि म्हणाली, ‘जा, नाव विचारून ये त्याचं.’ गेलो. भूत म्हणजे दोरीवर वाळत घातलेला तिचाच परकर निघाला. त्या दिवसापासून माझा विषय संपला होता.

आता जागा सांगतो. सीवूड्स, स्टेशनजवळच्या मॉलपासून चालत जाता येईल अशी सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. लिफ्ट नाही. लिफ्ट नाही हे लक्षात असू द्या, कारण आईचे दोन्ही गुडघे पार गेलेले. बाजारात जायचं तर ती आदल्या दिवसापासून मनाची तयारी करायची. जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून, दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून शेजाऱ्यांच्या तुळशी बघत उभी राहायची. डॉक्टर सांगून थकले होते, गुडघे बदला.

आणि नेमकी तेव्हाच मला थायलंडमधल्या एका शाळेत नोकरी लागली.

मी तोवर वाशीला एका क्लासमध्ये गणित शिकवत होतो. सोसायटीने गेटवर फ्लेक्स लावला. ‘आपल्या बिल्डिंगचे विक्रांत सर परदेशी रवाना’, त्यावर माझा बारावीतला फोटो, मिशी फुटायच्या आधीचा. नोकरी अजून पक्की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीन महिने ट्रायल, मग एक डेमो लेसन. तो नीट झाला तर पक्का, नाही तर सूटकेस ओढत त्याच फ्लेक्सखालून परत.

आईला मी म्हटलं, आधी तुझं ऑपरेशन करू, मग जातो.

‘एका वेळी एकच टेन्शन,’ आई म्हणाली. ‘तू तिकडे पक्का हो. मग गुडघ्यांचं बघू. तोवर मी हात लावू देणार नाही.’

म्हणजे माझी नोकरी आणि तिचे गुडघे एकाच दोरीला बांधलेले. मी नापास झालो, तर ती आणखी वर्षभर शेजाऱ्यांच्या तुळशी बघत बसणार.

शाळा बँकॉकपासून बरीच आत, एका छोट्या गावात. गावाचं नाव मला अजूनही नीट म्हणता येत नाही. माझा वर्ग तिथेही तिसऱ्या मजल्यावरच. नशीब. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी पहिल्या दिवशी ओळख करून दिली, ‘आय अॅम सोमजाई.’ आता सोमजाई म्हणजे आमच्या गावची ग्रामदेवता. देव न मानणाऱ्या घरातला मी, पण हात आपोआप जोडले गेले. त्यांनीही लगेच हात जोडले, कारण तिकडे नमस्कार तसाच करतात. मला वाटलं, पहिल्याच मिनिटाला इम्प्रेशन पडलं.

ते पाचव्या मिनिटाला उतरलं. वर्गात शिरलो, तर सगळी पोरं माझ्या पायांकडे टक लावून बघतायत. मी मॉलमधून नवे कोरे बूट घेतले होते. म्हटलं, आवडले वाटतं पोरांना. म्हणून मी पाय उचलून, जरा तिरका करून, सोलसकट नीट दाखवला. वर्गात कुणीतरी श्वास आत ओढला.

नंतर सोमजाईबाईंनी अत्यंत गोड आवाजात समजावलं, की इथे वर्गात शिरण्याआधी बूट बाहेरच्या रॅकमध्ये काढून ठेवतात. आणि कुणाला तळपाय दाखवणं हा इथे मोठा अपमान समजला जातो. मी पहिल्याच दिवशी चौथीच्या अख्ख्या वर्गाचा अपमान केला होता, तोही हसत हसत.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाकी सगळं सांगायचो. माझ्या वर्गात बँक, बॉस आणि बिअर अशी टोपणनावं असलेली मुलं आहेत, हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘बिअरला पहिल्या बाकावर बसव, मागे नको.’ पण बुटांचं नाही सांगितलं. आई विहारातल्या बायकांना माझं कौतुक ऐकवत होती. मुलाने वर्गाला लाथ दाखवली, हे कसं सांगणार?

हळूहळू शिकलो. पोरं गोड, पण वर्ग हातात येईना. मी ओरडलो की ती हसायची. आईला फोनवर विचारायचो, तू कसं करायचीस गं? तिची पद्धत मी लहानपणी तिच्याच वर्गात बसून पाहिलेली. ती ओरडत नसे. वर्गाच्या मागे जाऊन उभी राहायची, चष्मा काढायची, पदराच्या टोकाने सावकाश पुसायची. चष्मा परत नाकावर चढायच्या आत वर्ग चिडीचूप.

‘ते शिकवता येत नाही रे,’ ती म्हणायची. ‘तुला पदर कुठेय.’

डेमोचा दिवस आला. विषय अपूर्णांक. मी डोकं लढवलं. कलिंगड. कँटीनच्या मावशींकडून त्याच्या आठ फोडी करून घेतल्या, त्या परत जुळवून वरून दोरा बांधला. बेत असा, की पोरांसमोर अख्खं कलिंगड ठेवायचं आणि जादूगारासारखा दोरा सोडायचा. फोडी फुलासारख्या उमलतील, पोरं आ वासतील, मागे खुर्चीवर बसलेल्या सोमजाईबाई मान डोलावतील.

मी कलिंगड उचललं आणि दोरा निसटला.

फोडी उमलल्या नाहीत. सुटल्या. एक टेबलाखाली, एक बँकच्या मांडीवर, बाकीच्या फरशीवर आपटून रस चहूकडे. पोरांच्या पायांत नुसते मोजे. पहिला बॉस घसरला, त्याला उचलायला गेलेला बिअर त्याच्यावर घसरला, आणि मग अख्ख्या वर्गाला कळलं, की मोजे घालून कलिंगडाच्या रसावरून मस्त घसरता येतं. जो तो धावून घसरायला लागला. मी ‘सिट डाऊन, सिट डाऊन’ म्हणत होतो, तेवढ्यात माझाच पाय गेला आणि मी टेबल धरून लटकलो. मागे सोमजाईबाई काहीतरी लिहीत होत्या. मला सीवूड्सचा तो फ्लेक्स दिसायला लागला.

आणि एकदम शांतता झाली.

हळूहळू नाही… एकदम. कुणीतरी आवाजाचं बटण बंद करावं तशी. सगळी पोरं वर्गाच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत होती, खिडकीपाशी. बॉसच्या तोंडात फोड होती, ती त्याने सावकाश काढून बाकावर ठेवली. एकेक जण जागेवर जाऊन बसला, हाताची घडी घालून. त्या शाळेत हाताची घडी घालून बसायची पद्धत नाही. मी कधी पाहिली नव्हती.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. काही नव्हतं. भिंत, खिडकी, ऊन. फक्त सोमजाईबाईंनी वहीतून डोकं न काढता आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली. बसमध्ये कुणी शेजारी येऊन उभं राहिलं, की आपण आक्रसतो ना, तशी.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला वाटलं, ही माझ्या नजरेची जरब. मी कॉलर सारखी केली आणि त्याच पडलेल्या फोडी गोळा करत विचारलं, आठातल्या तीन टेबलावर आहेत, तर जमिनीवर किती? हात पटापट वर. असा तास मी आयुष्यात घेतला नव्हता. सोमजाईबाई शेवटी म्हणाल्या, ‘व्हेरी गुड कंट्रोल, टीचर विकी.’ मी पक्का झालो होतो.

पोरं बाहेर पडत होती तेव्हा प्लॉय माझ्यापाशी आली. प्लॉय म्हणजे दोन वेण्यांची, वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी.

‘टीचर, यूअर मदर अँग्री?’

‘माय मदर इज इन इंडिया.’

तिने मान हलवली. खिडकीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मग नाकावरून काहीतरी काढल्याचा अभिनय केला, खांद्यावरून एक न दिसणारं कापड पुढे ओढलं, आणि त्याच्या टोकाने ते सावकाश, गोल गोल पुसलं.

मी त्या कोपऱ्याकडे परत एकदा पाहिलं. मग लगेच डोकं चालवलं. फोनच्या वॉलपेपरवर आईचा चष्म्यातला फोटो आहे, पोरांनी पाहिला असेल. पुसायचं म्हणाल, तर चष्मेवाली सगळीच माणसं चष्मा पुसतात. झालं समाधान.

संध्याकाळी ताईचा फोन. ताई नेरूळला राहते.

‘विक्या, आधी बस. ओरडू नकोस. आईचं ऑपरेशन झालं. एका गुडघ्याचं. ठीक आहे ती आता.’

‘आता म्हणजे? आणि मला न सांगता?’

‘तिनेच आजची तारीख घेतली. म्हणाली, विकीला त्याचं टेन्शन, मला माझं. एका दिवसात दोन्ही मोकळं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली मला.’ मग ताईचा आवाज फाटला. ‘अरे, मध्येच बीपी एकदम खाली गेलं तिचं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, प्रयत्न चालू आहेत. मी त्या बाकड्यावर… मग परत आलं वर. आपोआपच आलं, म्हणाले.’

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं. बीपी उतरल्याची वेळ ताईला विचारून मी ती माझ्या तासाशी जुळवून पाहिली. मग न जुळवल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर बूट काढताना पाहिलं, रॅकमध्ये माझ्या बुटांशेजारी एका जोडाची जागा रिकामी. बॉसने तिथे बूट ठेवले, तर प्लॉयने ते उचलून खाली टाकले आणि त्याला थायमध्ये चांगलं झापलं. रोज तसंच. रॅक ओसंडून वाहतोय, पोरांचे बूट एकमेकांवर चढलेत, पण माझ्या शेजारची जागा मोकळी. ‘फॉर व्हिजिटर, टीचर,’ एवढंच प्लॉय म्हणाली. मी समजलो, शाळेला कुणी पाहुणे येणार असतील. मनातून मात्र मला वाटायचं, हा माझा मान आहे. टीचरच्या बुटांना कुणाचे बूट लागू नयेत, म्हणून. इतका मी मूर्ख.

या महिन्यात सुट्टीवर घरी आलोय. आई वॉकर सोडून काठीवर आलीय. परवा दुपारी ती पलंगावर पाय लांब करून, टाचेखाली उशी घेऊन व्यायाम करत होती. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो. ताईही होती. आई सहज, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तशी म्हणाली,

‘तुमच्या वर्गात चपला बाहेर काढतात, हे आधी सांगायचंस ना रे.’

माझे हात थांबले. ‘कोणी सांगितलं तुला?’

‘कोण सांगणार? मीच गेले ना तशीच आत. ती दोन वेण्यांची पोरगी सारखी माझ्या पायांकडे बघत होती. इतकं ओशाळल्यासारखं झालं मला. आयुष्य शाळेत गेलं, असं कधी झालं नव्हतं.’

‘आई, भूल दिलेली होती तुला.’

‘हो, मग. भुलीत दिसतं माणसाला काहीही,’ ती आरामात म्हणाली. ‘पण जिना बरा आहे हं तुमचा. तिन्ही मजले चढले, एकदाही थांबले नाही. गुडघा आहे की नाही तेच कळत नव्हतं.’

तिसऱ्या मजल्याचं मीच तिला फोनवर सांगितलं होतं, ते मी धरतच नाही. पण चपलांचं? प्लॉयच्या वेण्यांचं? मी ताईकडे पाहिलं. ती पांढरीफटक. कुजबुजत म्हणाली, ‘तिच्या चपला माझ्या पिशवीत होत्या. सगळा वेळ. मी पिशवी पोटाशी धरून बसले होते.’

आणि तेव्हा, शेंगांच्या सालांत बसून, मला तो रॅक दिसला. माझ्या बुटांशेजारची एका जोडाची जागा. व्हिजिटर.

प्लॉय ती जागा कशी राखते, हे मी सांगितलं. ते ऐकून आई खळखळून हसली. ‘गुणाची पोरगी आहे,’ म्हणाली. मग पाय बदलून दुसऱ्या टाचेखाली उशी सारली. ‘याचं दिवाळीनंतर करायचंय. तू सुट्टी घेऊ नकोस. इथे ताईच्या शेजारी बाकड्यावर बसून काय करणार? तिथे वर्गावर उभा राहा.’

‘मी थांबतो आई.’

‘नको म्हटलं ना. आणि त्या पोरीला सांग, या वेळी बाहेर काढीन.’

कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर खरंच सांगा. टिंगल करा, पण सांगा. माझ्याकडे नाही, आणि डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही. दिवाळीनंतर माझी शाळा सुरू होते. बॅगेत मी बुटांचा एक जादा जोड भरून ठेवलाय. गेल्या गेल्या तो त्या मोकळ्या जागेत ठेवायचा, म्हणजे ती जागाच उरणार नाही, म्हणजे कुणाला यावं लागणार नाही, असा माझा गणिताच्या मास्तरचा हिशोब.

काल रात्री तो जोड बॅगेतून काढला. आज सकाळी परत भरला. कारण समजा दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशीही ती आली… तीन मजले चढून आली, आणि दाराशी जागाच नसली, तर?