हजेरी झाल्याशिवाय गाडी हलत नाही

"ताई, हजेरी काऊन नाई झाली अजून?"

फोनवर रोहण्याचे नामदेवभाऊ होते. ते प्रयागराजच्या हॉटेलात, मी वर्ध्याला माझ्या ऑफिसात. आणि ते माझ्यासोबत यात्रेला गेलेलेच नव्हते.

मी यात्रा कंपनी चालवते. कंपनी म्हणजे भाड्याची बस, एक आचारी, मी आणि पूर्वी माझे यजमान. ते गेल्यापासून मी एकटीच. आता लोक ऑफिसात येतात, घाटाजवळचं हॉटेल कोणतं, जेवण कुठं बरं, सगळं विचारून घेतात, चहा पितात आणि घरी जाऊन मोबाइलवर बुकिंग करतात. राग येतो. पण चहाला तरी येतात, नाहीतर दिवसभर मी काय समोरच्या रिकाम्या खुर्च्यांशी बोलू?

नामदेवभाऊ भाजीपाला पिकवणारे. बायको शांताबाई गेल्या. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून मळ्यातल्या संत्र्याच्या झाडाला बांधून ठेवल्या होत्या. त्या संगमावर न्यायच्या होत्या. माझी बस काही भरेना, म्हणून निघेना. शेवटी पुण्याच्या मुलानं, प्रशांतनं, ऑनलाइन पॅकेज काढून दिलं. रेल्वे, एकट्याची एसी खोली, घाटावर न्यायला टॅक्सी. त्याला स्वतःला सुट्टी मिळाली नाही. खोटं कशाला बोलू, हॉटेल आमच्या धर्मशाळेपेक्षा कितीतरी चांगलं होतं.

आता हजेरीचं सांगते. आमच्या यात्रेत गाडी हलण्याआधी मी एकेकाचं नाव पुकारते. नाव घेतल्याशिवाय कोणी जागेवरून उठायचं नाही, हा माझ्या यजमानांचा नियम. म्हातारी माणसं घाईनं उठतात आणि गर्दीत हरवतात, म्हणून. नामदेवभाऊ पूर्वी जोडीनं आमच्या बसनं गेले होते. त्यांनी हजेरीला कधी तोंड उघडलं नाही. शांताबाईच ओरडायच्या, "आमी दोघंबी आहो!" सगळी बस हसायची.

"भाऊ, कुठं बसले तुमी?" मी विचारलं.

"खाली सोफ्यावर. तिले मांडीवर घेऊन सकाळपासून बसून आहो. मले कोनी आवाजच नाई देल्ला."

मी प्रशांतला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मीही सोडणारी नाही.

"काकू, टॅक्सी आली होती," तो शेवटी म्हणाला. "बुकिंगला माझाच नंबर होता. ड्रायव्हरचे मिस्ड कॉल आत्ता बघतोय. ॲपवर नो शो दाखवतंय."

नो शो म्हणजे गिऱ्हाईक आलंच नाही असं धरून गाडी परत. गिऱ्हाईक काचेच्या दाराच्या आत बसलेलं!

"मग दुसरी मागव ना."

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "कस्टमर केअरशी बोललो. उद्याची देतो म्हणतात. आणि बाबांची परतीची गाडी आज संध्याकाळची आहे." त्याचा आवाज चिरकला. "आईला परत घेऊन यावं लागेल का हो, काकू?"

मी भाऊंना म्हटलं, रस्त्यावरची रिक्षा करा. ते म्हणाले, "मले एकट्यानं नाई जमत, ताई. तिले घेऊन मी एकटा कोठी जाऊ?"

मी दुसरा नंबर लावला. रामसजीवन, आमचा तिथला नेहमीचा नाववाला.

"भैया, होटल के अंदर जाओ. बाहर से फोन मत करना. अंदर जाके जोर से नाम पुकारो, नामदेवराव."

"पुकारना काहे, दीदी?"

"तुम पुकारो तो सही."

त्यानं पुकारलं. सगळं हॉटेल बघायला लागलं म्हणे, आणि हा माणूस ताडकन उठून उभा राहिला.

दुपारी नावेतून फोन आला. "ताई, आता हजेरी घ्या."

मी सवयीनं टेबलामागं उभी राहिले. "नामदेवराव!"

"आहो." मग हळूच, "तिचं बी घ्या."

"शांताबाई!"

नुसता वल्ह्याचा आवाज. मग जन्मात कधी ओरडला नसेल तसा तो माणूस ओरडला, "आमी दोघंबी आहो!"

मी रडले. ऑफिसात बघायला कोणी नव्हतं, तेवढी एक सोय.

संध्याकाळच्या गाडीनं भाऊ निघाले. ॲपवाल्यांनी प्रशांतला माफीचा मेसेज पाठवला आणि प्रवास कसा झाला तेही विचारलं. त्यानं काय उत्तर दिलं, मी विचारलं नाही.

लोक मला विचारतात, ऑनलाइन करावं की तुमच्याकडं? मी सांगते, कुठंही करा, पण बुकिंगला जाणाऱ्याचाच नंबर टाका. आणि घरातल्या म्हाताऱ्याला आधीच सांगून ठेवा, तिथं तुमचं नाव कोणी घेणार नाही.

माझी बस यंदाही निघाली नाही. भाऊंचा मात्र संध्याकाळी रोहण्याहून फोन येतो. मी नाव घेते, ते "आहो" म्हणतात, झालं. परवा फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, अन् तुमची हजेरी कोन घेते?"

"माही कायले? मी त घेनारी."

त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "सुमनताई!"

मी उठून उभी राहिले. समोरच्या खुर्च्यांकडं बघत मी म्हटलं, "आहो."