आठ नोंदींचं कुत्रं

साताऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर म्हणून लागलो तेव्हा मला वाटलं होतं, बैलांचे खूर धुवायचे, म्हशीच्या कासेला मलम लावायचं, एवढंच काम असेल. कुत्र्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं. साठनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील ती. दवाखान्याच्या मागे, बाभळीखाली, लोखंडी गजांचे तीन पिंजरे होते. माणसाला चावलेलं कुत्रं तिथे दहा दिवस कोंडून ठेवायचं. दहा दिवसांत मेलं तर ते पिसाळलेलं, मग त्या माणसाला पोटात चौदा इंजेक्शनं चुकत नसत. जगलं तर माणूस सुटला. जगलेल्या कुत्र्याचं पुढे काय करायचं, हे मात्र कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

अकराव्या दिवशी मालक येऊन घेऊन जाईल, असा आपला माझा समज. निम्मे मालक फिरकायचेच नाहीत. ज्याला चावलं तो बहुधा शेजारी, भाऊबंद नाहीतर घरमालक असायचा. कुत्रं घरी नेलं की भांडणही घरी आलं. काहीजण कुत्रं जिवंत आहे ना एवढं बघायला यायचे आणि आहे म्हटल्यावर खुशीत निघून जायचे. मग नगरपालिकेची गाडी यायची. त्या गाडीतून गेलेल्या कुत्र्याचं काय होतं हे सगळ्या साताऱ्याला ठाऊक होतं, आणि सगळा सातारा दुसरीकडे बघायचा. पहिले दोन महिने मीही दुसरीकडेच बघितलं.

घरात या नोकरीवरून अबोला होता. आमच्या वस्तीने धम्म घेतला तेव्हा मेलेली जनावरं ओढायचं काम वडिलांनी कायमचं सोडलं होतं. त्यापायी गावाने आम्हाला दुकानातलं मीठसुद्धा बंद केलं होतं. मला पाटीवर कित्ता घोटायला लावून वडिलांनी माझं अक्षर वळणदार करून घेतलं, ते कचेरीत कारकून व्हावं म्हणून. आणि मी गेलो गुरांच्या दवाखान्यात. "जनावरातनं निगालो आनि तू पुन्ना जनावरातच शिरलास," एवढं एकदा म्हणाले आणि तो विषय बंद. पण घरातला तो पहिला सरकारी पगार होता. पहिल्या तारखेला ते पारावर जरा ताठ बसायचे, ते मला दिसायचं.

तर कुत्री. तिसऱ्या महिन्यापासून मी त्यांना घरं शोधायला लागलो. दया आली म्हणून, असं म्हणणार नाही. रोज ज्याला हाताने भाकरी घालायची त्याला गाडीत चढवायचा कंटाळा आला होता. लोकांना पिल्लू हवं असतं. वाढलेलं, आणि त्यातून चावलेलं कुत्रं कुणाला हवंय? पेठेत लोक विचारायचे, "चावत नाही ना?" आणि खरं सांगितलं की दार लावून घ्यायचे. काही आळ्यांत तर कुत्र्याच्या आधी माझंच आडनाव विचारायचे, मग कुत्र्याची चौकशी आपोआप संपायची. फलटणकडचे उसाचे बागायतदार मात्र उलटे. "चावतंय का?" असं विचारताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यांना मी चार कुत्री दिली. एक महाबळेश्वरच्या हॉटेलच्या राखणदाराला दिलं. पावसाळाभर बंद हॉटेलात त्याला सोबत झाली, आणि पाऊस सरून गिऱ्हाइकं यायला लागल्यावर त्याने ते टॅक्सीतून परत पाठवलं. चिठ्ठीही नव्हती. टॅक्सीवाल्याने फाटकाशी उतरवलं आणि गाडी वळवली.

अशात एक बांडं कुत्रं आलं. शेपूट बुडाशी तुटलेलं, एका डोळ्यात फूल पडलेलं, तोंडाभोवती पांढरं व्हायला लागलेलं. भाडेकरूचं कुत्रं, आणि चावलं ते नेमकं घरमालकाच्या पोटरीला. तेही त्याने अंधाऱ्या जिन्यात त्याच्यावर पाय दिला म्हणून. अकराव्या दिवशी भाडेकरू आला. पिंजऱ्यापाशी गेला नाही, फाटकातूनच विचारलं, "धडधाकट आहे ना?" मी हो म्हटल्यावर त्याने साखळी माझ्या हातात दिली आणि पाय काढता घेतला. त्याचा आवाज ऐकून बांडं गजांना नाक लावून उभं राहिलं होतं. तास-दीड तास तसंच उभं होतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला की साखळी त्याच्या पाठीत फेकून मारावीशी वाटली.

दुपारी गाडी येणार होती. मी कपाटातून कुत्रं चावल्याच्या नोंदींची वही काढली आणि लिहिलं, "पिंजरा साफ करताना ड्रेसरच्या हातास दात लागला. सबब पुन्हा दहा दिवस देखरेखीखाली." झालं. नियमाप्रमाणे पुन्हा दहा दिवस. जुने डॉक्टर निवृत्तीला आले होते, पानावर पान उलटत सह्या करायचे. गाडी रिकामी परत गेली आणि मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

दहा दिवसांत घर मिळालं नाही. पुन्हा लिहिलं. ते इतकं गरीब होतं की खरखरीत ब्रशाने पाठ घासली तरी फक्त डोळे मिटायचं. तीनदा मी माझंच नाव लिहिलं, मग मलाच लाज वाटायला लागली म्हणून "रस्त्यावरील अनोळखी इसम" लिहिला, मग "फाटकाजवळ बसलेला भिकारी," मग "दूधवाला, गाव माहीत नाही," मग पुन्हा एक अनोळखी इसम. वळणदार अक्षरात, तारीखवार. खरा चावा एक, माझे सात. त्या सत्तर दिवसांत मी सायकलवरून करंजे, कोडोली, पार वर्येपर्यंत, कुठे कुठे गेलो. बागायतदार म्हणाले, भुंकत नाही ते कुत्रं काय कामाचं. पेठेतले म्हणाले, म्हातारं आहे. एका बाईंना पटलं होतं, पण शेपूट नाही म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं.

मग एक दिवस माणदेशाकडचा एक म्हातारा धनगर मेंढ्यांच्या जंतांचं औषध न्यायला आला. महिन्यापूर्वी लांडग्याने त्याचं कुत्रं मारलं होतं. औषधाची बाटली घेऊन तो सरळ मागे पिंजऱ्यांकडे गेला. बांड्याचा जबडा उघडून बघितला, पंजे दाबले.

"दात चांगलं हायत की रं. ह्ये कुनाचं?"

"कुनाचंच न्हाई. पर बाबा, त्येला शेपूट न्हाई. एका डोळ्यानं दिसत न्हाई," मी म्हणालो. नंतर कळून परत आणण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, हे मी शिकलो होतो.

"मग? मला काय त्येचं लगीन लावायचं हाय?" म्हातारा म्हणाला. त्याने फडक्यातली भाकरी काढली, चतकोर मोडली, बंडीत हात घालून काखेला चोळली आणि बांड्याला दिली. घामाची भाकरी खाल्लेलं कुत्रं माणसाला सोडून जात नाही, अशी त्या लोकांत समजूत आहे. बांड्याने भाकरी खाल्ली आणि त्याचा हात मनगटापर्यंत चाटून काढला.

"आता ह्ये माजं झालं. आज यष्टीनं आलोय, कंडक्टर कुत्रं घ्यायचा न्हाई. बेस्तरवारी मेंढरं खिंडीपातूर येत्यात. तवा चालत घिऊन जातो. तवर सांबाळ, गड्या."

तो सोमवार होता. मी त्या दिवशी उगाचच शीळ घालत फिरलो.

मंगळवारी जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि सांगलीहून बदलून आलेले नवे डॉक्टर हजर झाले. तरुण, नीटनेटका माणूस. बुधवारी सकाळी मी वही त्यांच्यापुढे ठेवली, धनगर म्हाताऱ्याचं सांगितलं आणि कुत्रं सोडायच्या कागदावर सही मागितली. ते वाचायला लागले. मला आजही आठवतं, वही वाचणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होतो.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले. मग बोट एकेका ओळीवरून खाली आलं. "हे कुत्रं आठ वेळा चावलंय. तीनदा तर तुम्हालाच. इंजेक्शनं घेतलीत?"

"ओरखडे होते, साहेब. तसं गरीब आहे ते."

"गरीब?" त्यांनी चष्मा काढला. "त्या म्हाताऱ्याच्या तळावर लहान मुलं असतील. उद्या एखाद्या पोराचा गाल फाडला तर मी काय सांगू? सही केली म्हणून?"

त्यांचं काही चुकलं नाही. वहीत होतं त्यावरून कुठल्याही शहाण्या माणसाने हेच म्हटलं असतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, यातल्या सात नोंदी खोट्या आहेत, मी लिहिल्यात. ते दोनदा माझ्या ओठांवर आलं. खोटी नोंद म्हणजे बडतर्फी. मला वडील पारावर बसलेले दिसले. गाव काय म्हणेल तेही ऐकू आलं: द्या यांच्या हातात सरकारी वही. मी गप्प राहिलो.

"गाडीची वाट नको बघायला, ते हाल मला बघवत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मीच देतो इंजेक्शन. तुम्ही धरा."

माझ्या पायांचा आवाज ऐकून बांडं नेहमीसारखं दाराशी येऊन उभं राहिलं. सकाळी मी त्याला हौदापर्यंत फिरवून आणायचो, त्याला वाटलं तेच. डॉक्टर म्हणाले, आठ वेळा चावलंय, आधी तोंड बांधा. मी बँडेजच्या पट्टीने त्याचं तोंड बांधलं. त्याने बांधू दिलं. सुई टोचल्यावर एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान माझ्या मांडीवर टाकली. डॉक्टर हात धुवायला गेले. मी पट्टी सोडवली. तोंड बांधलेलं मला बघवेना.

शिपाई दोरी घेऊन आला. "पायाला बांद आन् वढ. तुमच्या घरात ह्ये कुनाला शिकवाय लागतंय व्हय?" तो हसत म्हणाला. मी दोरी घेतली नाही. दोन्ही हातांनी बांड्याला उचललं आणि बाभळीच्या पलीकडे नेलं. खड्डा खणायला दुपार गेली, मुरूम लागला होता.

साताऱ्यातली बातमी गावात माझ्या आधी पोचली. घरी गेलो तर वडील दारातच होते.

"कुत्रं वढलंस म्हनं."

"वढलं न्हाई. उचललं."

ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. "पुरलंस का टाकलंस?"

"पुरलं."

"मग जेव," ते म्हणाले. त्यांच्याच्यानं तेवढंच झालं, आणि मला तेवढंही झेपलं नाही. वहीतल्या खोट्या नोंदींचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गुरुवारी म्हातारा आला. दोरी आणली होती, आणि मेलेल्या कुत्र्याचा लोखंडी काट्यांचा पट्टा. लांडग्याला गळा धरता येऊ नये म्हणून धनगर घालतात तो. पट्ट्याला नवं तेल लावलं होतं. मला तोंड वर करवेना. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"बाबा, त्ये पिसाळलं. मेलं."

इतकी वर्षं झाली, ते शब्द मला स्वतःचे वाटत नाहीत, पण माझेच होते. म्हाताऱ्याने पट्टा खाली ठेवला आणि उजवा हात पालथा-सुलटा करून बघितला.

"माजा हात चाटला हुता त्येनं," तो हळू म्हणाला. "बोटाला चीर हुती. आन् ह्याच हातानं मी नातीला भरवलंय रं."

तो लगेच उठला, सिव्हिल कुठल्या अंगाला आहे ते विचारू लागला. चौदा इंजेक्शनं त्याला आणि चौदा त्या पोरीला. तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. वही, सात नोंदी, नवे डॉक्टर, माझं गप्प राहणं. डॉक्टरांना सांगायचं ते मी एका धनगराला सांगितलं, एक दिवस उशिरा.

त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने विचारलं, "तुला किती येळा चावलं त्ये?"

"एकदाबी न्हाई."

"एवडंच म्हनायचं हुतंस की सायबाला," तो म्हणाला. पट्टा खांद्यावर टाकला आणि खिंडीच्या रस्त्याला लागला. आपला हात तो अधूनमधून बघत होता. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. का बसावा?

पुढे कितीतरी वर्षं मी त्याच खात्यात राहिलो. शेवटची वर्षं सांगलीला काढली. त्यानंतरही कुत्र्यांना घरं शोधली, पण वहीत खोटी ओळ लिहिली नाही, आणि खरं सांगायचं तर पूर्वीसारखी सायकलही दामटली नाही. निवृत्त झालो तेव्हा सांगलीच्या कचेरीत मला माझं सर्व्हिस बुक दाखवलं. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत माझ्याविरुद्ध एकही शेरा नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घालून हार घातला जाईपर्यंत उभा राहिलो.