एका हातानं ओढलेली सायकल

सायकलीच्या बाबतीत मी भलता तिरसट माणूस होतो. माझ्या सायकलीला कुणी उगाच हात लावला, नुसती घंटी वाजवून पाहिली, तरी माझं डोकं फिरायचं. नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात मी फिटर होतो. कंपनीची बस वस्तीच्या तोंडाशी यायची, पण त्या बसमध्ये कोंबून जाणं मला शिक्षा वाटे. पहिली पाळी असो की दुसरी, मी आपला सायकलवर. आणि रविवार आला की घरात पाय ठरत नसे. बायको म्हणायची, "तुमाले घर कायले पायजे? एखाद्या झाडाखाली खाट टाकून देऊ का?"

रविवारचा सोबती एकच. आमच्याच वस्तीतला, माझ्याच पाळीतला माझा दोस्त. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. कधी गोरेवाड्याला जायचं, कधी पार खिंडसीच्या तलावापर्यंत. पाणपक्षी बघत बसायचं, कुणाच्या मळ्यात पंप चालू दिसला की धारेखाली डोकं धरायचं, भाकर-ठेचा खाऊन आंब्याखाली ताणून द्यायची. मी नेहमी पुढे, तो मागे. मला मान वळवून बघायचा कंटाळा, म्हणून तो थोड्या थोड्या वेळानं दोनदा घंटी वाजवायचा. म्हणजे मी आहे, तू चाल पुढे. त्याची सायकल जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, चेनकव्हर खडखडणारी. माझी नवी कोरी होती, आणि मी रोज कापडानं तिचा एकेक आरा पुसायचो.

त्या रविवारी आम्ही सावनेरच्या रस्त्यानं निघालो होतो. एका उतारावर नवी गिट्टी टाकली होती. तो मागून ओरडला, "हळू गा, हळू!" मी कुठला ऐकतो? पुढचं चाक घसरलं आणि मी गुडघ्यावर आपटलो. वाटी फुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. त्यानं मला पाठीवर घेऊन चहाच्या टपरीपर्यंत नेलं. तासाभरानं एसटी आली. टपावर संत्र्यांच्या टोपल्या खच्चून भरलेल्या, सायकली चढवायला जागा नाही. कंडक्टर म्हणाला, "माणूस घ्या, सायकली ठेवा इथंच." दोन्ही सायकली टपरीवाल्याच्या हवाली केल्या. नागपूर येईपर्यंत माझा पाय त्या बिचाऱ्यानं आपल्या मांडीवर धरून ठेवला होता.

दवाखान्यात पायाला प्लास्टर लागलं, आणि त्या अवस्थेत मला काय सुचावं? सायकल! तो म्हणाला, "उद्या ड्युटीनंतर आणतो ना. टपरीवाला खाऊन टाकीन का?" माझा गुडघा ठणकत होता, आणि राग काढायला समोर तोच होता. मी त्याच्या अंगावर खेकसलो, "आत्ता जा. सायकल नाही आणली तर तोंड दाखवू नको मले."

तो हसला. खिशातली चिंचेची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि गेला.

आमच्याकडे दोन सायकली आणायच्या आणि माणूस एकच असेल तर एकीवर बसतात आणि दुसरीचं हँडल एका हातानं धरून ओढत नेतात. शाळेतली पोरंही करतात. त्यानंही तेच केलं. वेग धरता येत नाही, त्यामुळे डायनॅमोचा दिवा नुसता मिणमिणतो. दिवस बुडता बुडता मागून कोळशाचा ट्रक आला. माझी सायकल दोस्तानं कडेच्या बाजूला, शेताकडे धरली होती. ती तुरीत जाऊन पडली. तिला एक ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या खाटेशी आली. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा. दोघंच असायची घरात. डोळे कोरडे ठक्क. एवढंच म्हणाली, "तुले आणून सोडलं ना त्यानं? मंग परत काहून गेला गा?"

मी म्हणालो, "मी नको म्हटलं होतं, मावशी. ऐकलं नाही त्यानं."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही, पण बोललो ते मीच.

तीन महिने पाय सरळ ठेवून घरात पडलो. पडलो कसला, काम करत सुटलो. खाटेवर बसून मी लोखंडी अँगल कापले, कूलरचा सांगाडा केला, वाळ्याच्या ताट्या बांधल्या. कडाक्याची थंडी, आणि आमच्या घरी कूलर तयार! शेजारपाजारचे बघून हसायचे. मग खिडक्यांना जाळी, कोंबड्यांचं खुराडं, दाराची कडी, पाटाला पाय, कढईचा कान. घरात मोडकं म्हणून काही उरलं नाही, तेव्हा धडधाकट खुर्ची खोलून पुन्हा जोडली. बायको म्हणाली, "आता मले बी खोलता का?" मी तिच्यावर वसकन ओरडलो. कारण करवत थांबली की मला ऐकू यायचं. मागून, थोड्या अंतरावरून, दोनदा घंटी.

पहिल्यांदा मी दचकून उठायलाच गेलो आणि प्लास्टरसकट खाटेखाली आलो. बायकोला सांगितलं, रस्त्यावर कुणी वाजवली असेल. ती म्हणाली, "कुठं काय वाजलं?"

पोलिसांनी आणून दिलेली माझी सायकल ओसरीत पोत्याखाली उभी होती. पाय बरा झाला, थोडा वाकडाच जुळला, आणि एका सकाळी मी तिला बाहेर काढलं. अंबाझरीपर्यंत गेलो असेन. मागून घंटी वाजली. मी वेग कमी केला, बाजूला झालो, त्याला पुढे जाऊ द्यायला. रस्ता रिकामा होता. मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला वाटली ती लाज. जो मेल्यावरही मला "चाल पुढे" म्हणतो, त्याच्या नावावर मी आपलं पाप खपवलं होतं. त्याच आठवड्यात सायकल कारखान्यातल्या एकाला देऊन टाकली आणि कंपनीच्या बसनं जाऊ लागलो. पण नागपूरच्या रस्त्यांवर काय सायकलींना तोटा आहे? बसच्या खिडकीशी बसून मी प्रत्येक घंटी मोजायचो. एकदा वाजली की सुटका, दोनदा वाजली की दिवस गेला.

त्याच्या आईकडे मला दरवर्षी जावं लागे. त्याच्या स्मृतिदिनाला ती वस्तीतली माणसं बोलवायची, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना व्हायची, खीर असायची. मला ती तसबिरीजवळ बसवायची, मुलाचा सख्खा दोस्त म्हणून. सगळे गेले की मुलाच्या फोटोकडे वळून बोलायला लागायची. "दोस्त नको म्हणत होता ना तुले? मोठा शाहणा तू! आईचा इचार आला नाही? हट्टी, पक्का हट्टी. बापावर गेला." फोटोतला तो ऐकून घ्यायचा. मीही ऐकून घ्यायचो, वाटीतली खीर संपवायचो आणि घरी येऊन काहीतरी ठोकत बसायचो. सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करता करता नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षी ती खूप थकलेली होती. माणसं पांगली, दुपारचं ऊन दारात आलं होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि फोटोकडे न बघता हळूच म्हणाली, "तुले एक सांगू का बाबू? मी त्याच्यासाठी कधी रडलीच नाही. लोकं म्हणतात माय दगडाची आहे. काय करू? आठवण आली की पहिले रागच येते. असं वाटते, यानं एका माणसाचं एकदा ऐकलं असतं तर! रागापुढं रडूच येत नाही गा."

मी तिच्यापासून मुलगा एकदाच नेला नव्हता, नऊ वर्षं दररोज नेत होतो. मी म्हणालो, "मावशी, मी नको म्हटलं नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मीच पाठवलं त्याले. तो उद्या आणतो म्हणत होता. मीच म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा, सायकल नाही आणली तर तोंड दाखवू नको. तुमाले खोटं सांगतलं मी."

मी तयारीत होतो. ती थोबाडीत मारील, शिव्या देईल, पुन्हा उंबरा चढू नको म्हणेल. या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं: हो, मावशी. ती मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. बाहेर कुणीतरी गाईला हाकललं. मग ती म्हणाली, "म्हंजे त्यानं ऐकलं होतं."

"हो."

"तुहं ऐकलं."

"हो, मावशी."

"अन् मी नऊ वर्सं माह्या पोट्ट्याले हट्टी म्हणून राहिली." तिचा आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. मी पुढे सरकलो तसा तिनं हात वर करून मला तिथंच थांबवलं.

"जाय आता," ती म्हणाली. "मले त्याच्याशी बोलू दे."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.